रोलर कोस्टरचा लूप गोल का नसतो? एका रिसर्च गॅपचा इतिहास



पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमचा रिसर्च गॅप काय?" त्याचं उत्तरही बहुतेकांचं ठरलेलं असतं: "सर, यावर अजून कुणी काम केलेलं नाही." या उत्तरात काय कमी पडतं ते आज बघूया. मे महिना चालू आहे, अभ्यासाला बसलेल्यांच्या घरीसुद्धा "मुलांना घेऊन टिकुजी-नी-वाडीला जायचं की थेट खोपोलीला इमॅजिकाला?" ही चर्चा सुरू असेल. म्हणून उदाहरणही सुट्टीचंच घेतलंय.

आधी जत्रेतला पाळणा

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात झुल्यांची पहिली ओळख बहुतेकांना पार्कात होत नाही, जत्रेत होते. कल्याणला दुर्गाडीची नवरात्रातली जत्रा, अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्र, मुरबाड तालुक्यातली म्हसाची जत्रा. तिथला आकाशपाळणा हा या सगळ्या खेळातला जुनाजाणता. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या उत्सवात अशा चक्रात बसला होता आणि त्याने ते लिहून ठेवलंय. म्हणजे जॉर्ज फेरिसने शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात आपलं प्रचंड चाक उभं केलं, त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी.

फेरिसचं चाक २६४ फूट उंच होतं. ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं. न थांबता एक फेरी घ्यायला त्याला सुमारे ९ मिनिटं लागायची. आता एक छोटं गणित करा. त्रिज्या साधारण ३८ मीटर धरली तर अभिकेंद्री त्वरण एक जीच्या हजाराव्या भागाहूनही कमी येतं. याउलट जत्रेतला पाळणा घ्या. त्रिज्या ७ मीटर आणि एक फेरी १० सेकंदात असं धरू. त्वरण येतं सुमारे ०.२८ जी. म्हणजे वर पोचल्यावर तुमचं जाणवणारं वजन एक चतुर्थांशाहून जास्त कमी होतं आणि खाली आल्यावर तेवढंच वाढतं. पोटात गोळा येतो तो यामुळे. उंची डोळ्यांना कळते. शरीराला कळतो तो वेगातला बदल.

घरच्यांसाठी राइड निवडताना हाच निकष लावा. उंच पण संथ चाक आजीला चालेल, ठेंगणा पण भरभर फिरणारा पाळणा कदाचित चालणार नाही.

कोळशाची गाडी ते कोनी आयलंड

रोलर कोस्टरचं मूळ रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये त्याच कल्पनेला चाकं लावली गेली. पण आजच्या कोस्टरची खरी आई म्हणजे रेल्वे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉच चंक इथे १८२७ मध्ये डोंगरावरून कोळसा खाली आणायला उतारावर आपोआप धावणारी गाडी सुरू झाली. पुढे लोक पैसे देऊन त्यात मजेसाठी बसायला लागले. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन यांनी न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला खास करमणुकीसाठी असा रूळ बांधला. तिकीट ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली आपली पहिली गाडी आणि ही राइड एकाच घराण्यातल्या म्हणायला हरकत नाही.

गोल लूपचं दुखणं

लोकांना लवकरच उताराचा कंटाळा आला. मग उलटं व्हायचं! १८९५ मध्ये कोनी आयलंडच्या सी लायन पार्कात 'फ्लिप फ्लॅप' आली. सुमारे २५ फुटी लूप, आणि आकार जवळजवळ पूर्ण वर्तुळाचा. बसणाऱ्यांच्या माना अक्षरशः आखडायच्या. तिथे शरीरावर १२ जीपर्यंत भार येत असे, असं सांगितलं जातं. १९०२ पर्यंत ती बंद झाली.

आता पेन घ्या. घर्षण नाही असं धरा. गोल लूपच्या माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहायची असेल, तर तिथल्या वेगाचा वर्ग किमान जी गुणिले त्रिज्या एवढा हवा. ऊर्जेचा हिशोब लावला की तळाशी वेगाचा वर्ग त्याच्या पाचपट येतो. म्हणजे तळाशी ५ जीचं त्वरण आणि त्यात आपलं नेहमीचं १ जी. एकूण ६ जी. गंमत अशी की या उत्तरात त्रिज्या उरतच नाही! लूप २५ फुटी करा की २५० फुटी, गोल असेल तर तळाशी किमान ६ जी बसणारच. आकार तोच ठेवून माप बदलणं हा उपायच नव्हता.

शिवाय सरळ रुळावरून थेट वर्तुळात शिरताना त्वरण शून्यावरून एकदम पूर्ण होतं. मान तयार व्हायच्या आत झटका बसतो.

उत्तर शेजारच्या रुळावर

एमएस्सीला फ्रेनेल विवर्तन शिकलेल्यांना कॉर्न्यू स्पायरल आठवत असेल. १८७४ मधली ती वक्ररेषा. तिचं गणित ऑयलरने १७४४ मध्येच लवचिक पट्टीच्या संदर्भात मांडलं होतं. तिचंच आणखी एक नाव क्लोथॉइड. तिचा गुण एकच: जसजसे पुढे जाल तसतशी वक्रता सारख्या दराने वाढते. झटका नाही.

रेल्वेच्या इंजिनिअरांना नेमकं हेच हवं होतं. सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये ते संक्रमण वक्र घालतात. १८९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातले आर्थर टॅल्बट यावर सविस्तर लिहीत होते. म्हणजे ज्या दशकात फ्लिप फ्लॅप माना आखडवत होती, त्याच दशकात, त्याच देशात! भारतीय रेल्वे यासाठी घनीय पॅराबोला वापरते. तो क्लोथॉइडचा जवळचा भाऊ. डोंबिवलीहून रोज लोकलने जाणारे आपण सगळे या गणितावरूनच जातो.

कोस्टरमध्ये मात्र क्लोथॉइडचा लूप आला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कच्या 'रिव्होल्यूशन'वर. बांधणारे आंतोन श्वार्झकोफ, हिशोब करणारे इंजिनिअर वेर्नर श्टेंगल. तळाशी मोठी त्रिज्या, माथ्यावर लहान. आकार उलट्या थेंबासारखा. करून बघा: माथ्याची त्रिज्या ५ मीटर, तळाची २० मीटर आणि उंची २० मीटर. तळाशी येतात फक्त ३.२५ जी. गोल लूपच्या जवळपास निम्मे.

मग ८१ वर्षं का लागली?

सोपं उत्तर तयारच आहे: "कोस्टरवाल्यांनी रेल्वेचं साहित्य वाचलं नाही." लिटरेचर रिव्ह्यूवरच्या भाषणात हे वाक्य टाळ्याही घेईल. पण थोडं खोदा, ते टिकत नाही.

१९०१ मध्येच एडविन प्रेस्कॉट यांनी कोनी आयलंडला लंबगोल लूप बांधला होता. गोल आकार चुकतोय हे कळलेलं होतं! त्याची राइड बरीच सुसह्य होती, पण एका गाडीत माणसं चारच. बघणारे जास्त, बसणारे कमी, त्यामुळे धंदा काही जमला नाही. रूळ लाकडी सांगाड्यावरच्या लोखंडी पट्ट्यांचे. तिन्ही दिशांनी सारखी बदलत जाणारी वक्रता त्यात अचूक आणणं फार अवघड. गाडीला रुळाखालून धरणाऱ्या चाकांचं जॉन मिलर यांचं पेटंट १९१९ चं. मग १९३० च्या मंदीत कित्येक पार्कं बंदच पडली. पोलादी नळीचा रूळ आला १९५९ मध्ये, डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नवर. नळी हवी तशी वाकवता येते, म्हणून कागदावरची वक्ररेषा प्रत्यक्षात उतरली.

म्हणजे गणित होतं, गरजही होती. नव्हतं ते साहित्य, आणि जुळत नव्हता तो पैशाचा हिशोब.

आता मुलाखतीच्या प्रश्नाकडे येऊ. "कुणी केलेलं नाही" हे गॅपचं वर्णन झालं, कारण नव्हे. त्यापुढे तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे आधी कुणी करून बघितलं आणि सोडून दिलं का? सोडलं असेल तर काय नव्हतं: सिद्धांत, साधन की पैसा? आणि जे नव्हतं ते आज माझ्या हाताशी आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल, तर तुमच्याकडे विषय आहे. "नाही" असेल, तर पुढची पाच वर्षं तुम्ही १९०१ च्या प्रेस्कॉटच्या जागी असाल: कल्पना बरोबर, वेळ चुकलेली. फेलोशिप पाचच वर्षांची असते, म्हणून हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा.

या सुट्टीत

थरार हवा असेल तर कल्याणहून कर्जतमार्गे खोपोली गाठा. इमॅजिकाची 'नाइट्रो' २०१३ पासून आहे. पायाखाली तळ नसलेला कोस्टर, पाच वेळा उलटं करणारा. लहान मुलं आणि मोठी माणसं बरोबर असतील तर घोडबंदर रोड जवळ पडतो. कुठेही जा, उभा लूप दिसला की तो गोल आहे की थेंबासारखा, हे एकदा निरखून बघा.

आणि प्रयोग करायचा असेल तर आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या. कोस्टरवर फोन नेऊ नका, तो हातातून सुटला तर खालच्याच्या डोक्यात बसेल. ठाणे-कल्याण लोकलमध्ये जागा मिळेल त्या दुपारी बसून, फोन मांडीवर सपाट ठेवून वळणावरचं त्वरण नोंदवा. दारात उभं राहून मात्र अजिबात नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गर्दीच्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी पडले आणि काहींचा जीव गेला. कोस्टरवर तीन जी सोसतानाही माणूस सुखरूप असतो, कारण छातीवर दांडा असतो आणि प्रत्येकाला एक सीट असते. लोकलच्या वळणावर त्याच्या अगदी लहानशा अंशाइतकं त्वरण असतं, पण दारात लटकलेल्याला धरायला काही नसतं. वळण सुरक्षित आहे का, हे नुसत्या रुळाच्या गणितावर ठरत नाही.

आलेख मिळाला की त्यात वळणाची सुरुवात शोधा. रेष एकदम उडी मारते की हळूहळू चढते? हळूहळू चढत असेल, तर तो संक्रमण वक्र तुम्ही स्वतः मोजलात.