थांबण्याचा सल्ला कुणाला लागू?

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात सहा-सात वर्षांच्या लेकराचे खालचे पटाशीचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊ लागले, की ते आधी आईच्या लक्षात येते. लेकरू पेरूचा तुकडा पुढच्या दातांनी तोडत नाही, दाढेकडे सरकवते. हसले तरी वरचे दात दिसत नाहीत. ती चार जणांना विचारते आणि उत्तर एकच मिळते: ‘दुधाचे दात आहेत, पडतील. पक्के आले की बघू. बारा-तेराव्या वर्षी तार लाव.’ आजी हेच सांगते, शेजारीण हेच सांगते, कधी दवाखान्यातूनही हेच ऐकू येते. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो. तरीही खालचा जबडा पुढे असलेल्या लेकराच्या बाबतीत तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत त्या लेकराला वीस वर्षांचे झाल्यावर मोजावी लागू शकते, असे माझे ठाम मत आहे.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्याचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले, दुधाचे दात तात्पुरते आहेत. जे पडणारच आहे त्यावर खर्च कशाला? दुसरे, हनुवटी आजोबांवर गेली आहे. वंशाने आलेले यंत्राने कसे जाईल? तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे: लहानपणी उपचार केले तरी पुढे पुन्हा करावे लागतात, मग दोनदा खर्च आणि दोनदा त्रास कशासाठी?

या तिसऱ्या म्हणण्याला शास्त्राचा आधारही आहे. वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर अनेक चाचण्या झाल्या आणि कॉक्रेन संस्थेने 2013 साली त्यांचा आढावा घेतला. लहान वयात एकदा आणि किशोरवयात पुन्हा असा दोन टप्प्यांचा उपचार किशोरवयातल्या एकाच उपचारापेक्षा सरस ठरला नाही. पडून-झडून पुढचे दात दुखावण्याचे प्रमाण कमी झाले, एवढाच काय तो फायदा दिसला. म्हणजे वरचे दात पुढे असलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर प्रामाणिकच असतो.

मग चूक कुठे झाली? न्यायशास्त्रात लक्षणाचा एक दोष सांगितला आहे, अतिव्याप्ती. जे लक्षण एका वर्गापुरते खरे, ते वर्गाबाहेरच्या वस्तूंनाही लावणे. ‘सगळे पक्के दात आल्यावरच उपचार’ हा नियम वरचे दात पुढे आलेल्या मुलाबद्दल बहुधा खरा आहे. तोच उलट्या चाव्याला, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे येण्याला, लावला की तो अतिव्याप्त होतो. वरून दोन्ही गोष्टी ‘वाकडे दात’ म्हणून सारख्याच दिसतात, पण हाडांच्या वाढीत त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

दुधाच्या दातांचा मुद्दा आधी घेऊ. दुधाचे वीस दात पडतात, हे खरे. पण ते ज्या हाडात रोवलेले असतात तो जबडा पडत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे आणि सातव्या-आठव्या वर्षी वरचे मधले पक्के दात येतात, ते त्याच जबड्यांत आणि जबड्यांच्या त्याच मांडणीत. वरचा दात खालच्या दातामागे अडकला, की प्रत्येक घासाबरोबर तो मागेच दाबला जातो आणि खालच्या दातापुढची हिरडी उतरू लागते. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात झिजून वरचे-खालचे काठाला काठ टेकतात, ते स्वाभाविक असते आणि त्याला उलटा चावा म्हणत नाहीत.

उलट्या चाव्याचेही तीन प्रकार आहेत आणि सगळा निर्णय त्यांवर ठरतो. कधी फक्त दात कलंडलेले असतात आणि जबडे ठीक असतात. कधी तोंड मिटताना दुधाचा एखादा सुळा आधी आदळतो, म्हणून लेकरू अडचण टाळायला जबडा पुढे सरकवते. अशा वेळी सुळ्याचे टोक थोडे घासणे किंवा साधे काढ-घाल करण्याचे उपकरण पुरू शकते. तिसरा प्रकार हाडांचा. त्यात आपण दोष देतो खालच्या जबड्याला, पण पुष्कळदा मागे राहिलेला असतो वरचा. झरीतली आई ‘हनुवटी पुढे आली’ म्हणते तेव्हा कित्येकदा खरी अडचण गालफडांखालच्या न वाढलेल्या हाडात असते.

वंशाचा मुद्दा इथेच सैल पडतो. जबड्याची ठेवण वंशाने येते, यात शंका नाही. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याची पुढे आलेली हनुवटी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांत दिसते. 2019 साली स्पेनमधल्या संशोधकांनी 66 चित्रे तपासून ती घराण्यातल्या जवळच्या नात्यांतल्या लग्नांशी जोडून दाखवली. पण वंशाने हाडाचा कल ठरतो. त्या कलाला वाढत्या वयात किती वळवता येईल, हा प्रश्न वंश सोडवत नाही. घरात आजोबांची, काकांची हनुवटी पुढे असेल तर त्यातून निघणारा निष्कर्ष ‘काही करू नका’ असा नाही. अशा लेकराला लवकर दाखवा आणि वाढ पूर्ण होईपर्यंत नजरेखाली ठेवा, असा तो आहे.

आता वेळेचा प्रश्न. परभणीच्या काळ्या जमिनीत वाफसा आल्यावर पेरणी करायची असते हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आधी केली तर चिखल, उशीर झाला तर ओल उडून जाते. वरच्या जबड्यालाही असा वाफसा असतो. लहान वयात तो शेजारच्या हाडांशी ज्या सांध्यांनी जोडलेला असतो ते मोकळे असतात. वय वाढते तसे ते एकमेकांत गुंतून घट्ट होतात. म्हणून चेहऱ्यावरचा मुखवटा, म्हणजे कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी चौकट आणि तिच्यातून वरच्या दातांना पुढे ओढणारे रबर, साधारण दहा वर्षांच्या आत जास्त चांगले काम करतो. खालचा जबडा मात्र थांबत नाही. तो मुलींत सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलग्यांत अठराव्या वर्षापर्यंत, कधी त्यापुढेही वाढतो. तेरा वर्षांचे होईपर्यंत थांबलो तर वरच्याची ओल उडालेली आणि खालच्याची वाढ चालूच, अशा कचाट्यात मूल सापडते. मग पुष्कळदा वाढ संपल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया एवढाच मार्ग उरतो.

हे नुसते तर्काने सांगत नाही. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या 73 मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला मुखवटा दिला, दुसऱ्याला त्या वयात उपचार दिला नाही. पंधरा महिन्यांनी मुखवट्याच्या गटात दहापैकी सात मुलांचे वरचे दात खालच्यांच्या पुढे आले होते. सहा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. तज्ज्ञांच्या मंडळाच्या मते मुखवट्याच्या गटात 36 टक्के मुलांना जबड्याची शस्त्रक्रिया लागणार होती, दुसऱ्या गटात 66 टक्के मुलांना. चाचणी लहान आहे. मुखवट्याच्या गटातही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुले शस्त्रक्रियेच्या वाटेवर राहिली, आणि मुलांच्या आत्मविश्वासात ठळक फरकही दिसला नाही. म्हणून ‘आत्ता केले की सुटलो’ असे कुणी सांगत असेल तर तेही खोटे आहे. हनुवटी मागे दाबणाऱ्या पट्ट्यांचा जुना उपाय तर वाढीच्या वयात टिकत नाही, हे जपानी संशोधकांनी दाखवून दिलेच आहे. मात्र शस्त्रक्रियेची शक्यता जवळजवळ अर्ध्यावर येत असेल, तर दोन टप्प्यांचा खर्च फुकट गेला असे म्हणता येत नाही.

तेव्हा सिद्धान्त असा: सात वर्षांच्या आसपास प्रत्येक उलट्या चाव्याची तपासणी व्हावी; उपचार मात्र सगळ्यांना नको. ज्यांना नको त्यांच्यासाठी ‘थांबा’ हाच निर्णय, पण तो तपासणीनंतर घेतलेला असावा.

झरीच्या आईला हे कसे साधेल? घरी एक गोष्ट पाहता येते. लेकराला जीभ टाळूला मागे लावून सावकाश तोंड मिटायला सांगावे. दात काठाला काठ टेकून मग जबडा पुढे सरकत असेल, तर तो दुसरा, सोपा प्रकार असण्याची शक्यता आहे. पण निदान डॉक्टरच करतील. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यांना दुखणारा दात दाखवतो तसा न दुखणारा उलटा चावाही दाखवावा. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून परभणीच्या दंत महाविद्यालयाकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे चिठ्ठी मागावी.

मुखवटा रोज बारा-चौदा तास, बहुधा संध्याकाळी आणि रात्री, सहा महिने ते वर्षभर लावावा लागतो, आणि दर महिना-दीड महिन्याला डॉक्टरांना दाखवावे लागते. घरातले कापूस वेचायला गेले असतील तर रबर कोण लावणार? दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला जाणार असेल तर तपासणी कुठे होणार? हे प्रश्न डॉक्टरांसमोर उघडपणे ठेवले पाहिजेत. सात ते नऊ या वयात दोन-तीन उन्हाळे येतात. घरचे परत आल्यावर सुरुवात केली तरी वाफसा जात नाही. अर्धवट लावलेल्या मुखवट्यापेक्षा नीट ठरवलेली सुरुवात बरी.

आणि दवाखान्यात एकच प्रश्न विचारावा: ‘माझ्या लेकराचे दात पुढे आहेत, की खालचा जबडा, की वरचा जबडा मागे राहिलाय?’ याचे उत्तर देऊन जो ‘थांबा’ म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवावा. तपासल्याशिवाय जो म्हणेल, तो आजीचाच सल्ला पुन्हा देतो आहे, आणि तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यात संकोच करू नये.