अकाली हिमवृष्टी : काश्मीरच्या बागांवरील शरदातले संकट

काश्मीर खोऱ्यात बर्फ पडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. तेथील हिवाळ्याचे वेळापत्रकच बर्फावर बेतलेले आहे. २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, त्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि अखेरीस दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ असे थंडीचे तीन टप्पे काश्मिरी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मोजत आला आहे. या काळातला बर्फ त्याला हवाच असतो. मात्र तोच बर्फ दीड-दोन महिने आधी, चिनारची पाने झडण्यापूर्वी आला, की त्याचे वरदान न राहता आपत्ती होते. ३ नोव्हेंबर २०१८, ७ नोव्हेंबर २०१९ आणि २३ ऑक्टोबर २०२१ या तीन तारखा खोऱ्यातील बागायतदारांच्या स्मरणात आहेत, त्या याच कारणाने. बर्फ किती पडला, यापेक्षा तो केव्हा पडला, हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

बर्फ एवढ्या लवकर का येतो?

काश्मीरला हिवाळी पाऊस आणि बर्फ मिळतो तो प्रामुख्याने ‘पश्चिमी विक्षोभां’मुळे. भूमध्य समुद्र व त्याच्या आसपासच्या प्रदेशात उगम पावणाऱ्या या प्रणाली उंचावरील पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात आणि हिमालयाला येऊन अडतात. त्यांचा खरा हंगाम डिसेंबर ते मार्च. परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही एखादा विक्षोभ अधिक दक्षिणेकडे झुकतो, उत्तरेची थंड हवा बरोबर आणतो आणि अरबी समुद्रावरील बाष्पाचीही त्याला जोड मिळते. अशा वेळी उंच शिखरांपुरता राहणारा बर्फ खोऱ्याच्या तळापर्यंत उतरू शकतो. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे. शोपियाँसारख्या भागातील बागा त्याहून उंच आहेत.

यात आणखी एक गंमत आहे. आकाशातून पडणारा बर्फ वितळताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेतो. वर्षाव जोरदार असेल, तर या शोषणानेच हवा शून्य अंशापर्यंत थंड होत जाते आणि सकाळी पडणाऱ्या पावसाचे दुपारी बर्फात रूपांतर होते. म्हणूनच आदल्या दिवशी कोवळे ऊन असलेल्या गावात दुसऱ्या दिवशी पांढरी चादर दिसते. ढग पांगल्यावर पारा आणखी घसरतो. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परतवतो आणि निरभ्र रात्री जमिनीलगतची उष्णता झपाट्याने आकाशात निघून जाते.

पानांवरचा भार

देशातील सफरचंदांपैकी सुमारे पाऊण वाटा एकट्या काश्मीरचा. शोपियाँ, पुलवामा, कुलगाम, अनंतनाग, बारामुल्ला या जिल्ह्यांतील लाखो कुटुंबांची वर्षाची मिळकत याच झाडांवर अवलंबून असते. जानेवारीत सफरचंदाचे झाड निष्पर्ण असते. बर्फ फांद्यांमधून खाली निसटतो. शरदात मात्र झाडावर पाने असतात आणि उशिरा पिकणाऱ्या जातींची फळेही. प्रत्येक पान बर्फ झेलणारे ताट बनते. त्यात हा बर्फ शून्य अंशाच्या आसपास पडत असल्याने ओला, चिकट आणि कोरड्या बर्फाच्या कित्येक पट जड असतो. हा भार न पेलून फांद्या मोडतात, काही वेळा खोड मधोमध चिरते, तर कधी झाड मुळासकट उन्मळते.

गेलेले फळ एका हंगामाचे नुकसान. गेलेले झाड मात्र एका पिढीचे. पारंपरिक पद्धतीने लावलेल्या सफरचंदाच्या झाडाला भरघोस उत्पन्न देण्यास आठ-दहा वर्षे लागतात. खुज्या खुंटांवरील नव्या सघन बागा दोन-तीन वर्षांत फळ धरू लागतात, पण त्यांना आधाराच्या तारा व खांब लागतात आणि त्यांचा आरंभीचा खर्च लहान शेतकऱ्याला पेलणारा नसतो.

याच सुमारास महामार्गही बंद पडतो. जम्मू-श्रीनगर रस्ता अडला, की पेट्यांनी भरलेले ट्रक वाटेतच खोळंबतात आणि दिल्लीच्या आझादपूरपासून नवी मुंबईच्या वाशी बाजारापर्यंत आवक मंदावते. २०१९ साली तर ५ ऑगस्टनंतरच्या निर्बंधांमुळे तोडणी व वाहतूक आधीच रखडली होती. त्यावर बर्फाचा घाव बसला.

आपत्तीच्या यादीत बर्फ नाही

केंद्राच्या आपत्ती निवारण निकषांत गारपीट आहे, हिमकडा कोसळणे आहे, दंव गोठवणारी कडाक्याची थंडी आणि थंडीची लाटही आहे. मात्र साध्या हिमवृष्टीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे २०१८ मध्ये तत्कालीन राज्यपाल प्रशासनाला ही हिमवृष्टी ‘राज्यापुरती विशेष नैसर्गिक आपत्ती’ म्हणून जाहीर करावी लागली. बागायतदारांची मागणी आहे ती फळबागांना परवडणाऱ्या विम्याचे संरक्षण मिळण्याची, आणि तीही केवळ फळांना नव्हे, तर झाडांनाही.

तापमानवाढ खोटी ठरते का?

‘नोव्हेंबरातच बर्फ पडतो, मग जग तापते कसे?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. एखाद्या दिवसाचे हवामान आणि दशकांचे सरासरी तापमान या दोन भिन्न गोष्टी आहेत. हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे थंडीचा झोत आलाच, तर वर्षाव अधिक होऊ शकतो. शिवाय शरद उबदार राहिला, तर पाने झाडावर जास्त काळ टिकतात आणि धोक्याची मुदत लांबते. अर्थात, तीन घटनांवरून कायमचा कल ठरवणे घाईचे होईल.

दुसऱ्या टोकाचे चित्रही तितकेच चिंताजनक आहे. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात, ऐन चिल्लई कलानमध्ये, गुलमर्गची उतरण बर्फाविना उघडी पडली होती. शरदातला बर्फ जमीन उबदार असल्याने काही दिवसांत वितळून वाहून जातो. डिसेंबर-जानेवारीतला बर्फ थरावर थर साचून टिकतो आणि वसंत-ग्रीष्मात झेलमला, झऱ्यांना व भातशेतीला पाणी पुरवतो. सफरचंदालाही हिवाळ्यात, जातीनुसार साधारण ८०० ते १,५०० तास, सात अंशांखालील थंडी लागते. एरवी फुलोरा विस्कळीत होतो. म्हणजे आगाऊ आलेला बर्फ पुढच्या उणिवेची भरपाई करीत नाही.

बागायतदाराच्या हाती काय?

बर्फ गोठण्याआधी लांब काठीने फांद्या हलकेच हलवून भार उतरवणे, चिरलेल्या फांद्या बांधून किंवा आधार देऊन सांधणे, जखमांवर बोर्डो मलम लावणे आणि हवामान खात्याचा इशारा मिळताच पिकलेली फळे उतरवून घेणे, हे उपाय तज्ज्ञ सुचवतात. त्यांतला शेवटचा सर्वांत परिणामकारक. मात्र त्यासाठी मजूर, पेट्या आणि शीतगृहातील जागा ही तिन्ही वेळेवर मिळावी लागतात. इशारा दोन-चार दिवस आधी मिळतो. तेवढ्या अवधीत बाग मोकळी करण्याची सोय गावोगाव उभी राहिली, तर नोव्हेंबरातला बर्फ टळणार नाही, पण त्याने होणारी हानी निश्चितच कमी होईल.