महानगर नसलेले उपनगर

उपनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर डोंबिवली येते, विरार येते, फार तर पिंपरी-चिंचवड. बुलढाणा जिल्ह्याशी या शब्दाचा काही संबंध असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. तरीही सकाळच्या गाडीच्या वेळी मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या फलाटावर जी माणसे उभी असतात ती कोण, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. शिक्षक, बँकेतले कारकून, रेल्वेचे कामगार, कोर्टात तारीख असलेले, महाविद्यालयात जाणारी मुले-मुली. काही भुसावळकडे, काही अकोल्याकडे. इकडे याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. रेल्वेच्या वेळापत्रकातले हे दोन शब्द वऱ्हाडाने जोडून घेतले आणि त्यांचे क्रियापद करून टाकले: ‘सर शेगाववरून अप-डाऊन करतात.’ आम्हीही त्या सरांपैकीच. ज्यांना एकच एक महानगर नाही, अशी ही उपनगरे आहेत, आणि त्यांचा इतिहास मुंबईच्या उपनगरांहून फारसा अलीकडचा नाही.

मलकापूर (कऱ्हाडजवळचे नव्हे आणि शाहूवाडीचेही नव्हे, नळगंगेकाठचे) रेल्वेने जन्माला घातलेले गाव नाही. ‘ऐने अकबरी’त ते नरनाळा सरकारातला परगणा म्हणून येते. बुऱ्हाणपूरच्या फारुकी घराण्यातल्या कोणा राजपुत्राने ते वसवले आणि राजकन्येवरून, म्हणजे ‘मलिके’वरून, त्याला नाव दिले, अशी आख्यायिका आहे. १७६१ मध्ये राघोबादादांच्या फौजेने लूट करू नये म्हणून या गावाने साठ हजार रुपये मोजल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. पानिपताच्या त्या साली एवढी रक्कम देऊ शकणारे गाव लहान नव्हते. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचा तळ याच भागात पडला होता आणि इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता त्यांना इथेच मिळाला. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी वाट बुऱ्हाणपूरहून जात असे आणि मलकापूर त्या वाटेच्या अंगाला होते. थोडक्यात, ये-जा करणाऱ्यांचे गाव हे रूप जुनेच.

मग १८५३ साल येते. एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि मे महिन्यात निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. हा निव्वळ योगायोग म्हणता येईल. पण मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत तो पिकत होता, आणि मधले अंतर बैलगाड्यांचे होते. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला तेव्हा ही निकड आणखी वाढली. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, मलकापूर, अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही जेमतेम तेरा किलोमीटरची शाखा सुरू झाली तेव्हा तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! खामगावच्या कापूसबाजाराचे वजन याहून वेगळे सांगायला नको.

आमच्या मते इथेच मूळ गोष्ट आहे. हा मार्ग माणसांसाठी आखलेला नव्हता, गाठींसाठी आखलेला होता. म्हणून तो पूर्णेच्या खोऱ्यातून, सपाटीने गेला. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा थंड हवेसाठी घाटावर निवडले गेले आणि रेल्वेला कायमचे मुकले. आजही या जिल्ह्यात ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असा भेद बोलण्यात सहज येतो. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ती पूर्ण झाली असती तर हा भेद कदाचित इतका टिकला नसता.

गाठींच्या मागे माणसे आली. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांबरोबर मारवाडी आणि गुजराती पेढ्या आल्या, पुढे फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. मुसलमान वस्ती तर आधीपासूनचीच. मलकापूरच्या बाजारात वऱ्हाडी, दखनी उर्दू, मारवाडी, बुऱ्हाणपूरकडची हिंदी आणि बोदवडकडून येणारी लेवा बोली अशा भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. याला ‘विविधतेत एकता’ वगैरे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. मोहल्ले वेगळे आहेत, शाळा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत, लग्नाच्या पंगती तर वेगळ्याच. मात्र गाडीच्या डब्यात जागा धरून ठेवताना हे हिशेब चालत नाहीत. तिथे वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसणारा असतो तो ‘आपला माणूस’. त्याची मुलगी कितवीत आहे हे ठाऊक असते. त्याचे घर मात्र कित्येकदा पाहिलेले नसते.

या गावांना एक केंद्र नाही, ते कारभारातही दिसते. मलकापूरचे जिल्ह्याचे काम बुलढाण्याला, महसूल विभाग आणि विद्यापीठ अमरावतीला, उच्च न्यायालय नागपूरला, रेल्वेचा विभाग भुसावळला. आणि लोकसभेचा मतदारसंघ रावेर, म्हणजे शेजारच्या जळगाव जिल्ह्याचा. खामगाव तर १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. इतक्या ठिकाणी बांधलेल्या माणसाने अप-डाऊन करू नये तर काय करावे?

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या तेव्हा या जगण्याचा कणा कोणता ते कळले. टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या परतल्या त्या ‘एक्स्प्रेस’ म्हणून. किमान भाडे दहा रुपयांवरून तीस झाले आणि ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. पगारदाराने ते सोसले. नांदुऱ्याहून अकोल्याला शिकायला जाणाऱ्या शेतमजुराच्या मुलीचे तसे नव्हते. तिच्यासाठी तो रोजचा खर्च म्हणजे घरात शिक्षणाविषयी नव्याने सुरू झालेला वाद होता.

दुसरीकडे, सरकारी नियम अप-डाऊन मानतच नाही. शिक्षकाने, ग्रामसेवकाने मुख्यालयी राहावे असा दंडक आहे आणि त्यामागचा हेतू चुकीचाही नाही. ज्या खेड्याचा मास्तर पाचच्या गाडीवर डोळा ठेवून शिकवतो त्या खेड्याची तक्रार खरी आहे. पण तालुक्याच्या गावीच मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईचा डॉक्टर असेल तर बिऱ्हाड तिथेच राहते. मग घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो मिळतोही. त्या ठरावानुसार गुरुजी खेड्यात राहतात, मतदारयादीनुसार मलकापुरात, आणि पासावरच्या मजकुरानुसार या दोहोंच्या मधल्या रुळांवर.