शाईचे तेल आणि कामगाराचे हात

छापखान्याच्या शाईविषयी बोलताना रंगाची गोष्ट पुढे येते आणि तेलाची मागे राहते. वस्तुतः छपाईची शाई म्हणजे तेलात खललेला रंग. काजळीने काळेपणा येतो. तो कागदाला धरून ठेवण्याचे काम तेल करते. म्हणून आजच्या ‘पर्यावरणस्नेही’ शाईची पारख करावयाची, तर आरंभ तेलापासूनच केला पाहिजे.

पंधराव्या शतकात गुटेनबर्गने धातूच्या खिळ्यांनी छपाई केली, तेव्हा पाण्यातली शाई धातूवर नीट बसेना. त्याने तेलाची शाई घेतली. पुढे कित्येक पिढ्या जवसाचे तेल कढवून त्यात काजळी खलण्याची रीत युरोपात चालली. तेव्हा वनस्पती-तेलाची शाई हा काही आजचा शोध नव्हे. वृत्तपत्रांचा खप वाढला, यंत्रे वेगाने फिरू लागली, आणि स्वस्त खनिज तेलाने जवसाला बाजूस सारले.

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले व भाव कडाडले. तेव्हा अमेरिकेतील वृत्तपत्रचालकांची संघटना पर्याय शोधू लागली. १९८७ साली आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्सच्या ‘गॅझेट’ने सोयाबीनच्या तेलाची शाई वापरून पाहिली. १९९४ साली तेथील सरकारने आपल्या छपाईसाठी कायदा केला: दर परवडत असेल तेथे वृत्तपत्री शाईत निदान ४० टक्के व सुट्या कागदावरील छपाईच्या शाईत २० टक्के वनस्पती-तेल असावे.

श्रोतेहो, या हकिगतीत मालकाला भावाची चिंता होती, शेतकऱ्याला पिकाची आणि सरकारला हवेची. यंत्राशी उभा राहणारा माणूस यात कोठे आहे?

त्याचे उत्तर जपानात सापडते. ओसाका शहरातील एका छापखान्यात कामगार बंदिस्त खोलीत यंत्राच्या रबरी ब्लँकेटवरची शाई दिवसभर रसायनाने पुसत असत. त्यांच्यापैकी अनेकांना, ऐन उमेदीत, पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे २०१२ साली जगजाहीर झाले. अशा रुग्णांची संख्या पुढे १७ वर गेली. त्या रसायनाचे नाव डायक्लोरोप्रोपेन. त्याच्या वापरावर तोवर तेथे कायद्याचे बंधन नव्हते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली ते माणसात कर्करोग उत्पन्न करणारे ठरविले.

हे शाईने केले नाही, शाई पुसणाऱ्या द्रवाने केले. शाई सोयाबीनची असती, तरी तो द्रव तोच राहिला असता.

दुसरी वाट नव्हती असेही नाही. डेन्मार्कमधील छापखान्यांत १९८०च्या दशकाच्या अखेरीसच रूळ पुसण्यासाठी वनस्पती-तेलापासूनचे द्रव वापरले जाऊ लागले होते. ते हळू सुकतात, पुसायला थोडा अधिक वेळ घेतात. तेवढा वेळ मालकाने द्यावयाचा असतो.

तेव्हा पत्रिका छापून घेताना शाई कोणती, एवढेच विचारून थांबू नका. रूळ कशाने पुसता आणि खोलीत वारा येतो का, हेही विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न मालकाला ऐकू येतो. तोच प्रश्न एकट्या कामगाराने विचारला, तर पुष्कळदा त्याची नोकरी जाते.