रिची व्हॅलेन्स : नशिबाची नव्हे, इतिहासाची गोष्ट

३ फेब्रुवारी १९५९ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील आयोवा राज्यात एक छोटे विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच बर्फाळ शेतात कोसळले. वैमानिकासह चौघेही ठार झाले. त्यांत रॉक अँड रोलचे तीन गायक होते : बडी हॉली, 'बिग बॉपर' म्हणून ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन आणि रिची व्हॅलेन्स. रिची तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता.

या अपघाताची एक गोष्ट जगभर सांगितली जाते. विमानात जागा कमी होती. शेवटच्या जागेसाठी रिची आणि गिटारवादक टॉमी ऑलसप यांच्यात नाणेफेक झाली. रिची जिंकला आणि जीव गमावून बसला. ऐकणारा 'नशीब!' म्हणून उसासा टाकतो आणि विषय तिथेच संपतो. आमचा आक्षेप आहे तो इथेच. नाणेफेक झाली असेल, पण ती बाकी सगळे झाकून टाकते. 'नशीब' हा शब्द नेहमी कोणाच्या सोयीचा असतो, हे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगायला नको.

मुळात हे तरुण त्या विमानात बसले का? दौरा होता ऐन हिवाळ्यातला, २४ दिवसांत २४ शहरांचा. गावांचा क्रम असा लावला होता की आज पुढे गेलेल्यांनी उद्या पुन्हा मागे यायचे. बसगाड्यांतील हीटर बंद पडत होते. थंडीने पाय गारठून एका ड्रमवादकाला रुग्णालयात दाखल करावे लागले. म्हणून हॉलीने विमान भाड्याने घेतले. पुढे सरकारी चौकशीतही कारणे स्पष्ट झाली. केवळ उपकरणांवर विसंबून विमान चालवण्याची पात्रता वैमानिकाकडे नव्हती आणि हवामानाची पुरेशी माहिती त्याला दिली गेली नव्हती. म्हणजे हा दैवाचा कोप नव्हता, माणसांच्या निर्णयांची ती साखळी होती. आपल्याकडे गटारात उतरवलेला कामगार गुदमरून मरतो, तेव्हा त्यालाही 'दुर्दैवी अपघात' म्हणतात. दोन्ही घटना सारख्या नाहीत, पण शब्दाची चलाखी तीच आहे.

आता नावाकडे येऊ. त्याचे खरे नाव होते रिचर्ड स्टीव्हन व्हॅलेन्झुएला. १३ मे १९४१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो वाढला पकोइमा या वस्तीत. सॅन फर्नांडो खोऱ्यात अनेक ठिकाणी घरांच्या खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये. मेक्सिकन, काळे आणि जपानी वंशाचे लोक जिथे घर घेऊ शकत, अशा मोजक्या जागांपैकी पकोइमा ही एक. 'तुमचे आडनाव काय?' या प्रश्नानंतर भाड्याची खोली अचानक 'गेलेली' असते, हा अनुभव घेतलेल्या आपल्या तरुणांना ही वस्ती परकी वाटणार नाही. त्याच काळात शेजारच्या ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. मेंडेझ खटल्यात अपील न्यायालयाने १९४७ साली त्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा रिची पाच वर्षांचा होता.

१९५८ मध्ये डेल-फाय कंपनीच्या बॉब कीन यांनी त्याला करारबद्ध केले आणि आडनाव छाटून 'व्हॅलेन्स' केले. मेक्सिकन वाटणारे नाव अमेरिकी बाजारात अडेल, असा हा हिशेब होता. म्हणजे पोराचा आवाज हवा होता, गिटार हवी होती, फक्त वस्ती सांगणारे आडनाव नको होते. शहरात गेल्यावर आडनाव बदलावे की मिरवावे, हा वाद आपल्या घराघरांत झाला आहे. बदलणाऱ्याला दोष देणे सोपे असते. पण आडनाव बदलायला लावणाऱ्या बाजाराला प्रश्न कोणी विचारायचा?

आणि इथेच या मुलाचे मोठेपण आहे. नाव छाटले गेले, तरी 'ला बांबा' हे गाणे त्याने स्पॅनिशमध्येच गायले. हे मेक्सिकोतील वेराक्रूझचे, लग्नसमारंभात गायले जाणारे लोकगीत. आफ्रिकी, आदिवासी आणि स्पॅनिश परंपरांच्या मिसळणीतून ते घडले. रिची इंग्रजीतच वाढला होता, स्पॅनिश त्याला फारशी येत नव्हती. नातेवाइकांकडून शब्द घेऊन त्याने ते म्हटले. रेकॉर्डच्या एका बाजूला 'डॉना', दुसऱ्या बाजूला 'ला बांबा'. 'डॉना' विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, 'ला बांबा' बाविसाव्या. त्याची सारी व्यावसायिक कारकीर्द जेमतेम आठ महिन्यांची.

काही जण विचारतील, तो कुठे चळवळीत होता? नव्हता. त्याला ओढूनताणून क्रांतिकारक ठरवायची आम्हाला गरज वाटत नाही. पण कलावंत नसला, तरी त्याची आठवण चळवळीत येऊ शकते. १९८७ साली त्याच्या जीवनावर 'ला बांबा' हा चित्रपट आला. दिग्दर्शक होते लुइस वाल्डेझ, स्वतः शेतमजुरांचे पुत्र. १९६५ च्या द्राक्षमळ्यांतील संपात त्यांनी ट्रकच्या हौद्यावर शेतमजुरांचे नाटक उभे केले होते. आपल्या आंबेडकरी जलशांची आठवण व्हावी, असेच ते काम. चित्रपटासाठी गाणे पुन्हा गायले पूर्व लॉस एंजेलिसच्या लॉस लोबोस या मेक्सिकन-अमेरिकन बँडने, आणि या वेळी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने हॉलीला १९८६ सालच्या पहिल्याच तुकडीत घेतले, रिचीला २००१ मध्ये. हॉलीचे काम मोठे होते, हे मान्यच. पण त्या मधल्या काळात रिचीला जिवंत ठेवले ते त्याच्या लोकांनी.

बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतले. दूरच्या वस्तीतील दुःख ओळखणे ही आपली जुनीच रीत आहे. म्हणून आम्ही म्हणतो, अकाली गेलेल्या आपल्या शाहिरांची, गायकांची केवळ पुण्यतिथी साजरी करून थांबू नका. त्यांचे पूर्ण नाव लिहा, वस्ती लिहा, मृत्यूचे कारण लिहा. हळहळ दोन दिवसांत विरते, नोंद टिकते.

रिचर्ड स्टीव्हन व्हॅलेन्झुएला यांना विनम्र अभिवादन. जय भीम!