तिथे किती वाजले?

१९८३ च्या जूनमध्ये आम्ही सगळे रेडिओभोवती बसलो होतो. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना तिथल्या सकाळी सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे दुपार टळत आली होती. कपिलदेवच्या हातात विश्वचषक आला तोवर इथे रात्र बरीच झाली होती. सामना त्यांच्याकडे, म्हणून वेळही त्यांची, जागायचं आपण. ऑस्ट्रेलियातल्या कसोटीसाठी भल्या पहाटे उठायचं, वेस्ट इंडिजसाठी अर्धी रात्र घालवायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पुढे पैसा आला. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून क्रिकेट मंडळाचा वाद न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आकाशलहरी सार्वजनिक आहेत, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. खाजगी वाहिन्यांना वाट मोकळी झाली, आणि आपल्या घरात टीव्ही किती वाजता चालू असतो याला मोल आलं.

२००९ साली निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली. सामने तिथल्या दुपारी साडेबाराला आणि साडेचारला. का, तर इथे चार आणि आठ वाजतात म्हणून.

२०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तर कमालच झाली. न्यूयॉर्कमध्ये भारताचे सामने सकाळी साडेदहाला. भारत उपांत्य फेरीत पोचला तर गयानातच खेळणार, हे आधीच ठरलेलं. कारण दुसरा उपांत्य सामना त्रिनिदादला रात्री साडेआठला होता, म्हणजे आपल्या सकाळी सहाला. त्रिनिदादच्या सामन्याला पावसासाठी राखीव दिवस होता. गयानाला तो नव्हता, नुसती २५० मिनिटं जादा दिलेली. वार गुरुवार, वेळ सकाळची. गयानातल्या नोकरदार माणसाने स्वतःच्या गावातला सामना बघायचा तर रजा काढायची!

आता माझं सांगते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि चूल विझते. त्यामुळे रात्री आठचा सामना मला फार सोयीचा. ओटा आवरून मी निवांत टीव्हीसमोर बसते. बार्बाडोसला आपण जिंकलो त्या रात्री मीही टाळ्या पिटल्या, खोटं कशाला बोलू?

पण नंतर अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, पाठशाळेत लहानपणी अस्तेय शिकलो, न दिलेलं घेऊ नये. वस्तूंच्या बाबतीत आपण ते पाळतो. मग दुसऱ्याच्या गावची वेळ? ती त्यांनी दिली म्हणायची, की आपल्या पैशापुढे त्यांना देणं भाग पडलं?

सामने बघायचं मी सोडलेलं नाही. फक्त आता मुलगा "आई, आठला मॅच आहे" म्हणाला, की मी विचारते, "तिथे किती वाजलेले असतील रे?"