पवनचक्की आणि प्राप्तिकर

सातारा जिल्ह्यांत, पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा पाहून प्रवासी वाऱ्याचें कौतुक करतो. आमच्या मतें त्या कौतुकाचा मोठा वाटा प्राप्तिकराच्या कायद्याकडे जावयास हवा.

यंत्र झिजतें, म्हणून त्याच्या किंमतीचा कांहीं अंश दरसाल नफ्यांतून वजा करूं देण्याची वहिवाट जुनी आहे; तिलाच घसारा म्हणतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सरकारनें पवनचक्कीस हा घसारा पहिल्याच वर्षीं शंभर टक्के दिला. तेव्हां ज्यांस विजेच्या धंद्याची गंधवार्ताही नव्हती असे नफेवाले कारखानदार चक्क्यांचे मालक झाले. 31 मार्चच्या आंत चक्की चालू झाली, तर त्या वर्षाची निदान निम्मी सवलत तरी पदरांत पडे. त्यामुळें वारा वाहतो आषाढांत, पण चक्की उभारण्याची घाई मात्र फाल्गुनांत, असा प्रकार चाले!

सवलत चक्की उभारण्यास होती, फिरविण्यास नव्हती. हें ध्यानीं येऊन 2009 च्या डिसेंबरांत, जलद घसारा न घेणारास युनिटमागें 50 पैसे देण्याची योजना निघाली. पुढें 2012 च्या एप्रिलपासून घसारा 80 टक्क्यांवरून (शंभराचे ऐंशी 2002 सालींच झाले होते) एकदम 15 वर आला, आणि ती योजनाही त्याच वेळीं थांबली. 2011-12 सालीं देशांत सुमारें 3,200 मेगावॅटच्या चक्क्या उभ्या राहिल्या होत्या. पुढील सालीं सुमारें 1,700. वारा कांहीं निम्म्यावर आला नव्हता. 2014 सालीं 80 टक्के परत आले, 2017 पासून त्यांचे 40 झाले. वीस वर्षें टिकावयाच्या यंत्राचा हिशेब दर दोन-तीन वर्षांनीं फिरवावयाचा, यास धोरण म्हणावें कीं लहर?

कोळशाची कथा याहून उद्बोधक आहे. 2010 सालीं शुद्ध ऊर्जेच्या निधीसाठीं कोळशावर टनामागें 50 रुपये उपकर बसला. 2016 पर्यंत तो 400 झाला. 2017 सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां तो उपकर मोडून तितकाच दुसरा बसविण्यांत आला, पण त्याचें उत्पन्न राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळलें. 22 सप्टेंबर 2025 पासून तोही गेला, आणि कोळशावरील कर 5 टक्क्यांवरून 18 वर चढला. वरवर पाहतां ही वाढच वाटते. परंतु टनास 1,000 रुपये पडणाऱ्या हलक्या, राखच अधिक देणाऱ्या कोळशावर पूर्वी हे दोन्ही मिळून 450 रुपये पडत. आतां 180 पडतात.